खतावणी कॅलरींची

आमच्या घराचा वजनकाट्याशी संबंध यायचा तो महिन्यातून एकदा, रद्दीवाला आला की. त्याचा काटा हमखास कमी दाखवतो ही सौ.ची चाळीस वर्षांची तक्रार. मीही तिच्या बाजूने मान डोलवायचो. पण दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या खोलीतल्या काट्यावर उभा राहिलो, खाली पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच त्या रद्दीवाल्याची कळवळून आठवण झाली. त्याच्या काट्यावर मी सत्तरीच्या आत भरलो असतो. इथे ८१ किलो ४०० ग्रॅम!

"चपलांसकट का?" मी विचारलं.

"चपला बाहेर आहेत तुमच्या," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी रक्ताचा कागद उघडला. "तुमचं एचबीएवनसी ६.२ आलंय." बँकेत ३४ वर्षं काढलेल्या माणसाला ६.२ म्हटलं की आधी व्याजदर सुचतो. "वाईट नाही," मी म्हणालो, "मुदत ठेवीला एवढा मिळाला तर घ्यावा माणसाने." डॉक्टर हसले नाहीत. डॉक्टर हसले नाहीत की मला घाम फुटतो. त्यांनी सांगितलं ते असं : हा आकडा म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ५.७ च्या खाली असलात तर तुम्ही सज्जन, ६.५ पासून पुढे मधुमेही, आणि मधले सगळे उंबरठ्यावर. मी उंबरठ्यावर उभा होतो आणि माझं तोंड आतल्या बाजूला होतं.

वर त्यांनी उंची आणि वजनाचा भागाकार केला. तो आला २९.९. आता गंमत बघा. जागतिक हिशेबात ३० पासून पुढचा माणूस लठ्ठ. म्हणजे मी अमेरिकेत असतो तर नुसता 'जरा भरलेला' ठरलो असतो. पण भारतीयांसाठी २००९ साली इथल्या तज्ज्ञांनी वेगळी पट्टी ठरवली. २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठ. मी म्हटलं, हा आपल्याच लोकांनी केलेला अन्याय आहे. त्यावर डॉक्टरांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट ऐकवली. २००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो छापून आला. दोघांचा भागाकार अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! दिसायला दोघेही सडपातळ. तेव्हा आपल्या लोकांची चरबी ही आपल्या लोकांच्या पैशासारखीच असते. अंगावर दिसत नाही, आत कुठेतरी ठेवलेली असते.

माझ्या वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा मधुमेहाने नेला होता. त्यामुळे घरी येताना मी रिक्षात विनोद केला नाही.

सौ.ने कागद वाचला, चष्मा काढला आणि पुण्याला मुलीला फोन लावला. आमच्या घरात संकटकाळी मुलीला फोन लागतो आणि मुलगी संकटावर ॲप सुचवते. गॅस संपला, ॲप. लाईट बिल, ॲप. बापाला साखर, ॲप. "बाबा, सोपं आहे. जे खाल ते त्यात लिहायचं. बास." तिने तिथे बसून माझ्या फोनमध्ये ते घालायला लावलं. नाव सांगत नाही. बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस खातेदाराचं नाव फोडत नाही.

ॲपने माझं वय, उंची, वजन आणि ध्येय विचारलं. ध्येय हा प्रश्न मला यापूर्वी फक्त शाळेतल्या निबंधात आला होता. मी '७० किलो' असं ध्येय लिहिलं. त्याने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि रोजच्या १,५०० कॅलरी मंजूर केल्या. ओव्हरड्राफ्टची सोय नाही.

पहिल्या सकाळी पोहे होते. मी 'पोहे' लिहिलं. समोर ही यादी! पोहे, कांदेपोहे, पोहा, घरचे पोहे, आईचे पोहे, पोहे विदाऊट शेंगदाणे. एका वाटीला कुठे १३० कॅलरी, कुठे १८०, कुठे २५०, आणि एका महाभागाच्या पोह्यांत फक्त ४. टेंडर उघडल्यासारखी मी सर्वांत कमी बोली मंजूर केली. न्याहारी : ४ कॅलरी. दिवसाची सुरुवात उत्तम झाली.

मुलीने संध्याकाळी फोनवर झाडलं. अशा बऱ्याच ॲपांत हे आकडे वापरणाऱ्यांनीच भरलेले असतात म्हणे. म्हणजे कुण्या पोहेप्रेमीने जे टाकलं ते तिथे राहिलं. खरे आकडे हवे असतील तर ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे. त्यांनी १९७१ साली भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचं पुस्तक काढलं आणि २०१७ साली देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांची नवी कोष्टकं केली. पण त्यांत पोहे म्हणजे कोरडे पोहे. त्यात आमच्या सौ.ने किती पळ्या तेल ओतलं हे हैदराबादेत बसून त्यांना कसं कळणार? ते इथे ठाण्यात बसून मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. पुड्यावर छापलेल्या आकड्यांचंही तेच. अमेरिकेत तर पुड्यावर छापलेल्यापेक्षा आतल्या कॅलरी २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी कायद्याला चालतात. बँकेत दोन रुपयांचा फरक निघाला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसत होतो.

मग मी मुळातच जायचं ठरवलं. कॅलरी म्हणजे काय? एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. शास्त्रात तिला किलोकॅलरी म्हणतात, खाण्याच्या बाजारात किलो गळून पडतो. गेल्या शतकाच्या आधी, १८९० च्या दशकात, विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने माणूस आत राहू शकेल एवढी बंद खोली बांधली. त्यात माणसाला ठेवून त्याने काय खाल्लं आणि किती उष्णता बाहेर टाकली हे मोजलं. आज सगळी ॲपं जो हिशेब करतात तो त्याचाच : पिठूळ आणि गोड पदार्थांच्या एका ग्रॅमला ४, प्रथिनांच्या ग्रॅमला ४, तेलातुपाच्या ग्रॅमला ९. चहाचा चमचाभर तूप पाच ग्रॅम धरलं तर ४५ कॅलरी. चमचाभर साखर, २०.

हे मी सौ.ला उत्साहाने समजावून सांगितलं. म्हटलं, "समज, एका पुरणपोळीत ३०० कॅलरी आहेत. म्हणजे दहा लिटर पाणी तीस अंशांनी तापेल."

"म्हणजे आंघोळीचं पाणी?"

"जवळजवळ."

"मग एवढी वर्षं गिझरचं बिल कशाला भरलं?" असं म्हणून ती आत गेली. शास्त्र घरात आणताना पाय पुसून आणावं लागतं.

चौथ्या दिवशी मुलीने कुरियरने स्वयंपाकघरातला वजनकाटा पाठवला. थाळीएवढा, काचेचा, एकेक ग्रॅम दाखवणारा. मी जेवायला बसताना तो पानाशेजारी ठेवला आणि फुलका त्यावर टाकला. ३८ ग्रॅम. भाजलेल्या फुलक्याचं वजन चालत नाही, कणकेचं हवं. मी म्हणालो, "उद्यापासून उंडा मोजून देशील का? पंचवीस ग्रॅम कणकेला ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी धरतात." सौ.ने लाटणं खाली ठेवलं. तिचं लाटणं खाली ठेवणं हे हातात असण्यापेक्षा जास्त भयंकर असतं.

"म्हणजे चाळीस वर्षं मी तुम्हाला अंदाजपंचे दाहोदरसे वाढत होते?"

मी त्या दिवशी आमटी मोजली नाही.

तसा त्या ॲपात न मोजण्याचाही मार्ग होता. पानाचा फोटो काढायचा, ते आपलं आपण ओळखतं. मी पिठलं-भाकरीचा फोटो काढला. त्याने पिठल्याला आमरस ठरवलं आणि भाकरीला पॅनकेक. थालीपिठाला पिझ्झा म्हणाला, तेव्हा मात्र सौ. पहिल्यांदा त्याच्यावर खूश झाली. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या गोड फोडी आणि दाण्याचा लाडू टाकल्यावर पडदा लालभडक झाला. 'एकादशी दुप्पट खाशी' हे त्या यंत्राला कुणी शिकवलं नसूनही त्याने स्वतःच्या बुद्धीने शोधून काढलं, याचं मला कौतुक वाटलं.

त्यात एक सल्लागारही होता. माणूस नाही, यंत्रच. पण नव्याने लागलेल्या कारकुनासारखा अत्यंत नम्र. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी मी त्याला प्रामाणिकपणे लिहिलं, 'आज वडिलांचं श्राद्ध. वडे ३, खीर २ वाट्या.' तत्काळ उत्तर आलं, 'वा! सण साजरा करायलाच हवा! पुढच्या वेळी वाटी थोडी लहान घेऊ या का?'

पण खोटं बोलू नये. त्या ॲपने मला एक गोष्ट दाखवली जी डॉक्टरांना, सौ.ला आणि मला तिघांनाही दिसली नव्हती. माझा सगळा राग भातावर होता. भात मी मुठीएवढा केला होता आणि स्वतःला ऋषी समजत होतो. महिन्याची खतावणी काढली तेव्हा गुन्हेगार निघाला चहा. दिवसाला पाच चहा, दोन-दोन चमचे साखर. दहा चमचे, २०० कॅलरी. तोही कधी नुसता येत नाही. बशीत बिस्किटं घेऊन येतो, आणि संध्याकाळच्या चहाला सोबत चिवडा. वर येता-जाता मूठभर दाणे. दाणे हलके असतात असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. एका मुठीला दीडशेच्या वर कॅलरी निघाल्या. हा खर्च मोठा नव्हता, किरकोळ होता. आणि किरकोळ खर्चाच्या डोक्यावरच संस्था बुडतात हे मी जवळजवळ तीन तपं कर्जखात्यात पाहिलेलं होतं.

आणि व्यायामाने फेडू म्हणाल, तर तेही जमत नाही. माझ्या वजनाच्या माणसाचे एक किलोमीटर चालून जेमतेम ५०-६० कॅलरी खर्च होतात. म्हणजे तीन चहांच्या साखरेसाठी तलावपाळीला दोन किलोमीटर पायपीट! आणि तलावपाळीला गेलं की मामलेदार कचेरीशेजारची मिसळ किती जवळ पडते हे ठाणेकरांना सांगायला नको. रोज दहा हजार पावलं चालायचा आकडाही मी आधी वेदवाक्य समजत होतो. तो १९६५ साली जपानात एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातला. 'दहा हजार पावलांचा मीटर' असं त्या यंत्राचं नाव.

दुसऱ्या महिन्यात मी ॲपशी खोटं बोलायला लागलो. बायकोशी खोटं बोलायला धैर्य लागतं, यंत्राशी बोलायला काहीच लागत नाही. ते कधी 'खरंच?' म्हणून बघत नाही. मी दोन जिलब्या खाल्ल्या की अर्धी लिहायचो आणि ते म्हणायचं, 'शाब्बास! आज तुम्ही मर्यादेत आहात!' मर्यादा सोडल्यावर अशी पाठ थोपटणारा मला आयुष्यात दुसरा भेटला नाही.

यावर उपाय अमेरिकेतल्या एका बाईने फार पूर्वी शोधून ठेवलाय. कॅलरी मोजायचं खूळ तिकडे १९१८ साली डॉ. लुलू हंट पीटर्स यांच्या पुस्तकाने घरोघरी नेलं. त्या म्हणत, पावाचा तुकडा म्हणू नका, १०० कॅलरी पाव म्हणा. पुस्तक तुफान खपलं. पण पुस्तकाला फसवता येतं. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच नावाच्या गृहिणीला हे स्वतःवरून कळलं. ती सरकारी दवाखान्यातला आहार पाळत होती आणि न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या पेटीत बिस्किटं लपवून रात्री खात होती. शेवटी तिने आपल्यासारख्याच सहा जणींना घरी बोलावलं आणि बिस्किटांची गोष्ट कबूल केली. मग एकेकीने आपापली पेटी उघडली. त्या बैठकीतून १९६३ साली 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. मी हे वाचलं तेव्हा माझ्या चिवड्याचा डबा मुदत ठेवींच्या पावत्यांच्या फायलीमागे होता. दोन देशांत, साठ वर्षांच्या अंतराने, दोन माणसांना एकच बुद्धी सुचावी!

आपल्याकडे या धंद्याचा उगम आणखी चमत्कारिक. २०११ साली शहरात दिवसाला ३२ रुपये खर्च करणारा गरीब नाही असा आकडा गाजला होता, आठवत असेल. त्या सुमारास तुषार वशिष्ठ या तरुणाने आपल्या एका मित्राबरोबर आधी दिवसाला १०० रुपयांत आणि मग थेट दारिद्र्यरेषेवर राहून पाहिलं. पोटात काय जातं, किती पैशांत जातं, सगळं लिहून ठेवत. त्याच वशिष्ठांनी २०१२ साली बंगळुरात 'हेल्थिफायमी' काढलं. आधी पोट न भरणाऱ्यांचा हिशेब, मग पोट सुटलेल्यांचा.

तर मी चिवड्याचा डबा बाहेर काढला आणि आमच्या इमारतीत जाहीर केलं. आठवड्यात नऊ जण जमले. व्हॉट्सॲपवर मंडळ निघालं, नाव 'हलकेफुलके'. नियम तीन. एक, रात्री नऊला दिवसभराचं खरं-खरं खाणं लिहायचं. दोन, राजकारण नाही. तीन, सकाळचे सुप्रभाताचे फोटो नाहीत. तिसरा नियम माझा. फोनची मेमरी फुलांनी भरते हा माझा जुना वैताग.

मंडळात पहिल्याच आठवड्यात दोन तट पडले. २०१८-१९ मध्ये मराठी घरांत जे झालं तेच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे लोक म्हणणार, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकरांचे म्हणणार, थोडं-थोडं खा, घरचं खा, तुपाला भिऊ नका. दोन्हीकडची माणसं सज्जन. पण एकाच्या घड्याळाला पंचावन्नावं मिनिट लागलं की दुसऱ्याच्या तुपाचा चमचा सुटायचा. तळमजल्यावरचे नाना दोन्ही पक्षांत होते. दोनदा जेवायचे एका पक्षाप्रमाणे आणि मध्ये खायचे दुसऱ्याप्रमाणे. लोक पानांचे फोटो टाकायचे. त्या फोटोंत कोशिंबीर नेहमी मध्यभागी असायची आणि एका कोपऱ्यात कशाची तरी अर्धीच कडा दिसायची. त्या कडेवरून आम्ही बासुंदी ओळखायला शिकलो. ते काम कुठल्याही यंत्राच्या बापाला जमलं नसतं.

सगळ्यांत प्रामाणिक होते तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा. वय ७२. जन्म सगळा ऑडिटमध्ये गेलेला. वहिनींना जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा न्यू जर्सीत. मधुमेह जुना. मुलाने त्यांच्याही फोनवर एक ॲप घालून दिलं होतं, आणि रात्री नऊला मंडळात त्यांचा ताळेबंद यायचा. 'दूध १ कप (साय काढून), पोळी दीड, भाजी घोसाळं, अर्धा पेढा (सोसायटीतला, नाकारता आला नाही).' तो अर्धा पेढा वाचून आमच्यासारख्यांना लाज वाटायची. फक्त तिसरा नियम त्यांनी कधीच पाळला नाही. रोज पहाटे पावणेसहाला गुलाबाचं फूल. कधी लाल, कधी पिवळं, कधी दव पडलेलं. मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "उठलो हे कुणाला तरी कळवावंसं वाटतं हो." मी म्हटलं, बरं, पण लहान फोटो टाका.

दिवाळीनंतर अण्णांनी रात्रीचं जेवण सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचा तो स्वतःचाच शोध. एकट्यासाठी दोन वेळा कुकर लावायचा कंटाळा, हे खरं कारण असावं. पण मंडळात ते शिस्त म्हणून आलं. दीड महिन्यात चार किलो उतरले. आम्ही टाळ्यांचे पंजे पाठवले. त्यांच्या ॲपने सोन्याचं पदक पाठवलं. नानांनी 'आदर्श' असा शब्द वापरला. सौ. मंडळात होती पण कधी काही लिहीत नसे. ती एकदा माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली, "अण्णा संध्याकाळी साखरेची गोळी घेतात ना? मग जेवत नाहीत तर ती गोळी आत जाऊन करते काय?" मी म्हणालो, "त्यांना कळत नसेल का? ऑडिटमधले आहेत." आणि मी आणखी एक टाळी पाठवली.

१४ डिसेंबरला गुलाब आला नाही.

मला कळलंही नाही. मी सहाला फोन पाहिला आणि नियम पाळला जातोय म्हणून मनात बरंसुद्धा वाटलं. सव्वासहाला सौ. चहाचं आधण ठेवता-ठेवता थांबली. "अण्णांचं फूल नाही आलं आज." मी म्हटलं, झोपले असतील. ती म्हणाली, "बहात्तराव्या वर्षी?" तिने गॅस बंद केला आणि खिळ्यावरची त्यांची जादा किल्ली काढली.

अण्णा आरामखुर्चीत होते. डिसेंबरात बनियन घामाने भिजलेलं. डोळे उघडे, पण आम्ही कोण हे त्यांना कळत नव्हतं. मला त्यांनी 'साहेब' म्हटलं आणि फाईल पाठवतो म्हणाले. त्यांचं साखर मोजायचं यंत्र टेबलावरच होतं. आकडा आला ४४. सत्तरच्या खाली धोका असतो एवढं मला ठाऊक होतं. गिळता येतंय ना हे सौ.ने आधी पाहिलं, मग अर्ध्या कपात तीन चमचे साखर विरघळवून घोट-घोट पाजली. न मोजता, अंदाजपंचे. पंधरा मिनिटांनी अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही चपला घालून आत कसे आलात?" मी खाली पाहिलं. एका पायात माझी होती, दुसऱ्या पायात सौ.ची.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की या गोळ्या पोटात अन्न असो-नसो साखर ओढत राहतात आणि त्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, म्हणून नुसती साखर पाजून भागत नाही. आकडा पुन्हा उतरू शकतो, रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. मग त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, "जेवण सोडलंय हे कुणाला माहीत होतं?" आम्ही नऊच्या नऊ जण व्हरांड्यात उभे होतो. नऊच्या नऊ जणांना माहीत होतं. रोज रात्री नऊला लेखी कळत होतं. नानांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातला नाही.

अण्णांचा फोन माझ्या खिशात होता. दुपारी तो वाजला. त्यांचं ॲप होतं. 'काल तुम्ही मर्यादेच्या ६४० कॅलरी आत राहिलात! ४१ दिवसांची साखळी! आजची न्याहारी लिहायची राहिली आहे.'

संध्याकाळी अण्णा पूर्ण शुद्धीवर आले तेव्हा सौ. बाजूला बसली होती. त्यांनी तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, "वहिनी, त्या तीन चमच्यांच्या साठ कॅलरी कुणी लिहिल्या का?"

"मी लिहिते हं," सौ. म्हणाली, आणि खरंच पर्समधली वाण्याच्या हिशेबाची वही काढून त्यात तिने लिहिलं. ती नोंद अजून आहे. वर तूरडाळ, खाली निरमा, मध्ये अण्णा.

त्यांची संध्याकाळची गोळी डॉक्टरांनी बंद केली आणि जेवण सुरू केलं. मुलगा आठ दिवस येऊन गेला. मंडळात आता नवीन माणूस आला की वजन नंतर विचारतात, आधी गोळ्या कोणत्या ते. अण्णांकडे रात्री आमच्याकडून डबा जातो. तो ते काट्यावर ठेवून मोजतात आणि सौ. काही बोलत नाही, हे मी चाळीस वर्षांत माझ्या वाट्याला न आलेलं भाग्य म्हणून नोंदवून ठेवतो. माझं म्हणाल तर वजन ७६ वर आलंय आणि तो व्याजदर ५.९. ॲप मी काढलेलं नाही. चहाचे चमचे त्यात इमानाने लिहितो. जिलबी मात्र मंडळातच कबूल करतो, कारण तिथे नाना 'किती?' असं विचारतात.

आणि तिसरा नियम रद्द झाला. आता सकाळी नऊही जणांचे गुलाब येतात. फोनची मेमरी भरल्याची सूचना दर आठवड्याला येते. मुलगी म्हणते, बाबा, ती फुलं तरी पुसा. काल सगळ्यांची आली, अण्णांचं आलं नाही. आलं ते ५ वाजून ५२ मिनिटांनी, पांढरं, दव पडलेलं. खाली क्षमस्व, लाईट गेली होती. सात मिनिटं उशीर. तोवर आम्ही दोघं किल्ली घेऊन जिन्यात होतो, आणि खालून नाना धापा टाकत वर येत होते.